लॉकबॅक चाकूचं पातं हलतंय? रिव्हेट ठोकून घेण्याआधी हे बघा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मामांनी वीसेक वर्षांपूर्वी अमेरिकेहून आणलेला बक ११० तुमच्याकडे आहे, म्हणजे बक कंपनीचा लॉकबॅक: पातं उघडलं की मुठीच्या पाठीवरच्या पट्टीने अडकून राहणारा मिटता चाकू. रत्नागिरीजवळच्या बागेत तो रोज खिशात असतो. सुतळी, कलमांच्या बारक्या फांद्या, हंगामात फणस आणि कधी हाताशी दुसरं काही नसलं तर नारळाचं सोडणही त्यानेच. गेल्या पावसाळ्यापासून पातं उघडून लॉक झाल्यावरही हलतं. गावातला फिटर म्हणतो, पुढची रिव्हेट चार ठोके मारून घट्ट करून देतो. ठोकून घेऊ का, आणि तोवर चाकू वापरू का?

अजून ठोकू नका. ठोकलेली पिन पुन्हा ढिली करता येत नाही, आणि तुमच्या वर्णनावरून पातं कुठल्या दिशेने हलतंय हेच अजून कळलेलं नाही. वापरावा की नाही हे पातं किती हलतं यावर फारसं ठरत नाही, लॉक जागेवर बसतंय आणि बसल्यावर तिथेच राहतंय का यावर ठरतं. या दोन गोष्टी सगळेच एकत्र करतात. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या लॉकबॅकमध्ये खूप हलणारा पण भरवशाचा चाकू असतो, तसाच अजिबात न हलणारा पण हातावर मिटू शकेल असाही असतो.

आत काय चाललंय ते आधी सांगतो, म्हणजे पुढच्या तपासण्या का करायच्या ते कळेल. मुठीच्या पाठीवर जी लांब पोलादी पट्टी दिसते तो लॉकबार. तो मधोमध एका आडव्या पिनेवर मुलांच्या सी-सॉसारखा झुलतो. मागच्या टोकाखाली स्प्रिंग आहे, ती मागचं टोक वर ढकलते, म्हणून पुढचं टोक खाली दाबलेलं राहतं. त्या पुढच्या टोकाला खाली वळलेला एक दात असतो, आम्ही त्याला नाक म्हणतो. पातं पूर्ण उघडलं की हे नाक पात्याच्या बुडावरच्या खाचेत टक्‌ करून पडतं. मिटताना तुम्ही मागचं टोक अंगठ्याने दाबता, नाक वर उचललं जातं आणि पातं मोकळं होतं. बकने ११० बाजारात आणला १९६४ मध्ये, आणि ही रचना लोकप्रिय करण्यात त्याचा वाटा फार मोठा आहे. बेसिक ढाचा आजही तोच.

म्हणजे पातं तीन ठिकाणी धरलेलं आहे: ते ज्या पिनेभोवती फिरतं ती पिव्होट पिन (फिटर जिला पुढची रिव्हेट म्हणतो ती), लॉकबारची मधली पिन, आणि नाक खाचेला टेकतं ती जागा. फिरणाऱ्या प्रत्येक जोडात थोडी मोकळीक ठेवावीच लागते, नाहीतर तो फिरणारच नाही. या तिन्ही मोकळिकींची बेरीज तुम्हाला पात्याच्या टोकाला जाणवते, आणि तीही वाढून. ११० चं पातं पावणेचार इंच, म्हणजे साधारण ९५ मिलिमीटर. पिव्होट पिन त्याच्याही मागे, बोल्स्टरच्या आत, म्हणजे मुठीच्या पुढच्या टोकाला दोन्ही बाजूंनी असलेल्या पितळी तुकड्यांच्या आत. तेव्हा पिनेपासून टोक १०० मिलिमीटरच्या आसपास किंवा थोडं पुढे, आणि पिनेपासून खाच जेमतेम सहा-सात मिलिमीटरवर. हे प्रमाण ढोबळमानाने १ ला १५ पडतं. खाचेत ०.०२ मिलिमीटर मोकळीक असली, जी केसाच्या जाडीपेक्षाही कमी आहे, तरी टोकाला ०.३ मिलिमीटर हालचाल दिसते. बोटाला ती स्पष्ट कळते आणि मनात भीती बसते. म्हणून नव्या कोऱ्या लॉकबॅकमध्येही पातं किंचित वर-खाली होताना दिसलं तर मी त्याला दोष म्हणत नाही. तुमच्या बाबतीत मात्र आधी हलत नव्हतं आणि आता हलतंय. बदल झालाय, आणि त्याला कारण असणार.

आता दिशा बघायची. चाकू उघडा, टक्‌ असा आवाज येऊ द्या. धारेवर जुन्या रबरी चपलेचा तुकडा चीर देऊन बसवा. डाव्या हाताने मूठ दोन्ही बाजूंनी चिमटीत धरा. पातं मिटलंच तर त्याच्या वाटेत एकही बोट असता कामा नये, यात हयगय नको. उजव्या हाताने पात्याचं टोक आधी डावीकडे-उजवीकडे हलवा. मग पाठीवर अंगठा ठेवून मिटण्याच्या दिशेने दाबा आणि उलट दिशेने वर उचला. दोन्ही वेळा कुठे खडखडतं ते वेगवेगळं लक्षात ठेवा.

डावी-उजवीकडची हालचाल पिव्होटमधून येते. बोल्स्टर किंचित फाकलेत, किंवा पिन आणि भोक झिजलंय. पातं खुपसून पिळलं की हे होतं, आणि नारळाचं सोडण उचकटताना नेमकं तेच होतं. वर-खालची हालचाल बहुतेक वेळा नाक आणि खाच यांच्यातून येते. तिच्यावर पुढची रिव्हेट ठोकून उपाय होत नाही, कारण दुखणं त्या रिव्हेटीत नसतंच. उलट घट्ट झालेल्या पिव्होटमुळे पातं जड फिरायला लागतं, पूर्ण उघडण्याच्या शेवटच्या अंशांत अडतं, आणि नाक अर्धवटच बसतं. वरून बघणाऱ्याला वाटतं काम छान झालं, पातं हलत नाही. प्रत्यक्षात लॉक आधीपेक्षा कच्चं झालेलं असतं. तुमच्या फिटरबद्दल तक्रार नाही. तो बाकीच्या रिव्हेटी ज्या नियमाने घट्ट करतो तोच इथे लावतोय. पण लॉकबॅकमध्ये तो नियम निम्म्याच प्रकरणांना लागू पडतो.

माझा अंदाज असा की तुमची हालचाल मुख्यतः वर-खालची आहे, आणि कारण मळ आहे. अंदाज बांधायला आधार तुमच्या वर्णनातच आहे: फणस. फणस कापताना चीक चिकटू नये म्हणून हाताला आणि पात्याला खोबरेल तेल लावतात, तुम्हीही लावत असणार. ते तेल आणि चीक दोन्ही सांध्यात उतरतात. चीक खाचेच्या तळाशी रबरासारखा बसतो. त्यावर खिशातला सुताचा भुगा, बागेतली लाल माती, आणि बोल्स्टरच्या आतून सुटलेला पितळेचा हिरवा कळक. खोबरेल स्वतःही थंडीत थिजतं. या सगळ्याचा एक थर खाचेत तयार झाला की नाक तळापर्यंत जाऊ शकत नाही. खाचेच्या भिंती किंचित उतरत्या असतात, त्यामुळे नाक जितकं खोल जाईल तितकं घट्ट बसतं. थोडं वर राहिलं की दोन्ही बाजूंना फट उरते, आणि तीच फट तुम्हाला टोकाला पंधरापट होऊन जाणवते.

हे तपासायला काही सुटं करावं लागत नाही. चाकू उघडून लॉक करा आणि पाठीवर, जिथे लॉकबार संपतो आणि पात्याचं बूड सुरू होतं, त्या सांध्यावरून नख आडवं फिरवा. दोन्ही एका पातळीत असायला हवेत. नख लॉकबारवर चढताना अडलं, म्हणजे लॉकबार पात्यापेक्षा वर उभा असला, तर नाक पूर्ण बसलेलं नाही आणि मळाचीच शक्यता जास्त. लॉकबार पात्यापेक्षा खाली गेलेला लागला तर झीज झालीय, नाक होतं त्यापेक्षा खोल उतरतंय. काही चाकू कारखान्यातूनच किंचित फरकाने येतात, त्यामुळे नव्यात कसं होतं ते आठवत असेल तर त्याच्याशीच ताडून बघा.

साफसफाई अशी करा. चाकू अर्धा उघडा, म्हणजे बुडाची खाच वर दिसेल. सिलाई मशीनच्या तेलाचे दोन-तीन थेंब खाचेत सोडून रात्रभर राहू द्या. चीक पाण्याने निघत नाही, तेलाने मऊ होतो. सकाळी लाकडी टूथपिकने खाचेचे कोपरे खरवडा. टोक मोडलं की नवीन घ्या, कारण कोपऱ्यातला शेवटचा थरच महत्त्वाचा असतो. सुई किंवा स्क्रूड्रायव्हर वापरू नका. नाक ज्या भिंतींवर टेकतं त्यांवर ओरखडा पडायला नको. नंतर कानात घालायच्या काडीवर थोडं रॉकेल किंवा टर्पेंटाइन घेऊन खाच पुसा, आणि लॉकबार दाबून धरून नाकाचा खालचा भागही पुसा. सगळे नाकच विसरतात, आणि अर्धा थर तिथेच असतो. चाकू रॉकेलमध्ये बुडवून ठेवू नका, मुठीवर लाकूड आहे. शेवटी पातं दहा-वीस वेळा उघडमीट करा, बाहेर येणारा काळा गाळ पुसत राहा, गाळ यायचा थांबला की पिव्होटवर एक थेंब आणि लॉकबारच्या मधल्या पिनेजवळ एक थेंब सिलाई मशीनचं तेल. जास्त नको, तेल जिथे साठतं तिथे माती धरते.

एवढं झाल्यावर टक्‌ हा आवाजच बदलतो. आधी तो भरलेला, दबका येत असेल तर आता कोरडा आणि चटकन येईल. माझ्या अनुभवात कोकणातून आणि शेतीकामातून आलेल्या लॉकबॅकची बरीचशी वर-खाली हालचाल इथेच संपते.

संपली नाही तर पुढचा प्रश्न, आणि माझ्या मते संपूर्ण प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा. पुन्हा चपलेचा तुकडा धारेवर लावा. मोबाइल टेबलावर टेकवून पाठीवरच्या त्या सांध्यावर टॉर्चचा उजेड पाडा आणि स्लो मोशनमध्ये शूटिंग सुरू करा. आता पात्याच्या पाठीवर अंगठ्याने मिटण्याच्या दिशेने हळूहळू दाब वाढवा. हाताचा दाब पुरे. टेबलाच्या कडेवर पाठ आपटून बघण्याची जी पद्धत लोक सांगतात ती करू नका. त्या आपटण्याने चांगल्या लॉकच्या कडाही गोल होतात, आणि तुम्ही तो चाकू तसा कधी वापरणारही नाही.

व्हिडिओत दोनपैकी एक दिसेल. पातं थोडं हललं, खाचेची मागची भिंत नाकाला टेकली आणि लॉकबार जागेवर शांत राहिला, तर लॉक भक्कम आहे. नाकाची मागची बाजू ताण घेतेय, लॉकबार पुढे खेचला जातोय, तो खेच मधली पिन धरतेय. ही रचना अगदी याच कामासाठी आहे. अशा चाकूत टोकाला अर्धा मिलिमीटर हालचाल असली तरी मी तो वापरायला देतो. पण दाब वाढवताना नाक वर उचललं जाताना दिसलं, अगदी कागदाच्या जाडीएवढं का होईना, तर चाकू त्या क्षणापासून कामाला बंद. याचा अर्थ टेकणाऱ्या कडा गोल झाल्यात. सरळ भिंतीवर सरळ भिंत टेकायच्या ऐवजी उतारावर उतार टेकतोय, आणि जितकं दाबाल तितकं नाक खाचेतून बाहेर घसरतंय. इथे पातं हलणं कमी केलं तरी धोका कमी होत नाही.

या दोहोंच्या मधलीही एक अवस्था असते: मळ नाही, नाक उचलत नाही, पण हालचाल बरीच आहे. तेव्हा मी टूलरूममधली जुनी युक्ती वापरतो. आम्ही दोन भाग एकमेकांवर कुठे टेकतात ते बघायला निळा रंग लावायचो, घरी परमनंट मार्करने तेच होतं. नाकाच्या पुढच्या, मागच्या आणि खालच्या बाजूला मार्करचा पातळ थर द्या, वाळू द्या. चाकू पाच-सहा वेळा उघडून लॉक करा, प्रत्येक वेळी पातं थोडं वर-खाली दाबा. मग नाक बघा. शाई पुढच्या-मागच्या बाजूंवर खरवडली गेली आणि तळाची तशीच राहिली, तर नाक भिंतींत बसतंय, ठीक आहे, मग मोकळीक दोनपैकी एखाद्या पिनेत आहे. तळाचीच शाई चकचकीत पुसली गेली आणि बाजूंची शाबूत राहिली, तर नाक भिंतींना टेकायच्या आधीच तळाला टेकतंय. उपाय म्हणजे नाकाच्या तळातून अगदी थोडं काढायचं, इतकं थोडं की प्रत्येक घासणीनंतर पुन्हा शाई लावून बघायचं. हे काम डायमंड फाइलने, बारीक दाण्याने. बाजूंच्या भिंतींना हात लावायचा नाही. तिथून कमी केलं की हालचाल वाढतेच. बकच्या पात्याचं पोलाद ४२०एचसी, कडकपणा ५८ रॉकवेलच्या आसपास. त्यावर साधी कानस नीट चालत नाही, घसरते, आणि घसरलेली कानस नको तिथे लागते. हात बसलेला नसेल तर हे काम स्वतः करू नका असंच सांगेन.

आता डावी-उजवीकडची हालचाल निघाली तर. टोकाला अर्ध्या मिलिमीटरपर्यंत असेल आणि पातं मिटताना मुठीच्या आतल्या बाजूला घासत नसेल, तर मी एवढ्या जुन्या चाकूला हात लावत नाही. त्याहून जास्त असेल तर ठोकण्याआधी दाबून बघतो. व्हाइसच्या दोन्ही जबड्यांना सागवानी फळीचे तुकडे किंवा जाड चामडं लावायचं, पातं मिटलेल्या स्थितीत पुढच्या टोकाच्या दोन्ही बाजूंच्या बोल्स्टरवर मधोमध दाब येईल असा चाकू धरायचा, आणि व्हाइसचं हँडल हलकेच आवळायचं. सोडायचं, तपासायचं, लागलं तर आणखी किंचित. फाकलेले बोल्स्टर यानेच बऱ्याचदा जागेवर येतात. पितळ मऊ आहे, म्हणून पोलादी जबडे थेट लागू देऊ नका. आणि ११० च्या बोल्स्टरवर पिव्होट पिनेचं डोकं घासून इतकं एकजीव केलेलं असतं की नुसत्या डोळ्याला पटकन सापडत नाही. हातोडीवाला अंदाजाने ठोकतो, पितळावर खड्डे पडतात आणि पिन तशीच राहते. दाबून जमलं नाही तरच ठोकणं, तेही पिनेची जागा नक्की करून, खालून सपाट ऐरणीचा आधार देऊन, छोट्या गोल तोंडाच्या हातोडीने टिचक्या मारत, दर दोन-तीन टिचक्यांनी पातं फिरवून बघत. पातं जड वाटायला लागण्याच्या आधी थांबायचं.

तुमच्या प्रश्नाखाली आणखी दोघांनी स्क्रू असलेल्या लॉकबॅकबद्दल विचारलंय, म्हणून थोडं त्याविषयी. स्पायडर्को कंपनीच्या डेलिका किंवा एंड्युरासारख्या, जपानमधल्या सेकी शहरात बनणाऱ्या चाकूंत पिव्होट स्क्रूचा असतो. तो योग्य मापाच्या टॉर्क्स (चांदणीच्या आकाराच्या) बिटने एका वेळी फेऱ्याच्या आठव्या भागाइतकाच फिरवा, बरोबर बसला की मध्यम ताकदीचं निळं थ्रेडलॉकर, म्हणजे स्क्रूचे आटे धरून ठेवणारा द्रव, लावा, नाहीतर आठवडाभरात पुन्हा सैल होईल. याने फक्त डावी-उजवीकडची हालचाल जाते. वर-खालची राहिलीच तर स्क्रू आवळत बसू नका, वर सांगितलेली खाच साफ करा. चाकूचे सगळे भाग सुटे करून साफ केला असेल तर परत जोडताना बॉडीचे स्क्रू शेवटचे आवळण्याआधी पातं उघडून लॉक करा. नाक खाचेत बसलेलं असताना आवळले की सगळे भाग एकमेकांच्या रेषेत येतात. मिटलेल्या स्थितीत आवळून मग हालचालीचं कारण शोधणारे बरेच जण भेटतात.

वर-खालची मोकळीक मुळातच कमी राहावी म्हणून चाकू डिझायनर अँड्र्यू डेमको यांनी कोल्ड स्टील या चाकू कंपनीसाठी ट्राय-ॲड लॉक केलं. त्यात लॉकबार आणि पात्याचं बूड यांच्यामध्ये एक जाड स्टॉप पिन असते, धक्का ती घेते आणि मुठीच्या पट्ट्यांना देते. लॉकबारच्या मधल्या पिनेचं भोक मुद्दाम किंचित सैल ठेवलेलं असतं, त्यामुळे झीज झाली तरी बार स्वतः सरकून घट्ट बसतो. नवीन घ्यायचा विचार असेल आणि काम जोराचं असेल तर ती रचना बघा. मिटवायला मात्र ती बरीच कडक असते, भिजलेल्या किंवा तेलकट अंगठ्याने त्रास होतो.

मामांच्या चाकूसाठी क्रम असा ठेवा: रात्रभर तेल, सकाळी सफाई, नखाने सांधा, मग व्हिडिओ. तोवर वापर फक्त ओढून कापण्यापुरता, सुतळी, गोणी, फांदीची साल. टोक खुपसायचं नाही, सोडण उचकटायचं नाही, पाठीवर ठोकायचं नाही. नाक उचलताना दिसलं तर बक जुन्या चाकूंची दुरुस्ती आयुष्यभराच्या वॉरंटीत करते. अमेरिकेत पाठवण्याचा खर्च आणि कस्टमची दगदग बघता येत्या-जात्या नातेवाइकाबरोबर, चेक-इन सामानात, पाठवणं सोयीचं. पात्याच्या बुडाजवळ ११० या आकड्याशेजारी एखादं छोटं चिन्ह असेल तर त्याचा फोटो काढून ठेवा. १९८६ पासून बक त्या चिन्हाने बनल्याचं वर्ष दाखवते, दुरुस्तीसाठी लिहिताना उपयोगी पडेल.

आणि फणसाला दुसरा चाकू ठेवा, न मिटणारा. सांधाच नसेल तर चीक शिरणार कुठे! सफाई झाल्यावर तो व्हिडिओ इथे टाका. शक्यतो बाजूने, लॉकबार आणि बूड दोन्ही दिसतील असा. नाक हलतंय का ते मी बघून सांगतो.